वाळूची फाईल

शिरोलीच्या फाउंड्रीत, सँड लॅबमध्ये
एक फाईल होती.
नाव : वाळू खरी नवीन शेवटची चार.
आमच्या कॉम्प्युटर विभागाच्या यादीत ती नव्हती.
यादीत नसलेलं बंद करा,
असं पत्रक निघालेलं; खाली सही माझीच.

गेलो.
पद्माक्का मगदूम. बारावी. तेवीस वर्षं वाळूत.
मूठभर घेतात, दाबतात, मोडतात,
आणि यंत्राच्या आधी ओलावा सांगतात.
पडद्यावर तीनशे ओळी,
ओलावा चढला की रकाना तांबडा,
आणि कोपऱ्यात टीप :
रात्रपाळीला दत्तूचा आकडा थोडा कमी धरावा,
त्याचा चष्मा फुटलाय.

आमच्या विकतच्या सिस्टिममध्ये
हा चष्मा कुठं भरायचा,
मला सुचेना.

"कुणी शिकवलं?"
"कुणी न्हाई. जेवणाच्या सुट्टीत जमवलं.
मला कोडिंग येत न्हाई साहेब,
मला वाळू कळती."

बंद करायचं त्या दिवशी राहून गेलं.
परतताना तालमीपाशी थांबलो.
पोरं हौद्यातली माती उकरत होती,
वस्ताद काठावर, ताकाची घागर घेऊन.
डाव ज्याचा त्यानं मारायचा.
पडणाऱ्यासाठी माती तेवढी मऊ ठेवायची.

दुसरं पत्रक निघायला चार महिने लागले.
रोज रात्री फाईलची नक्कल आम्ही ठेवू.
मोडून बघायला वेगळी प्रत.
शुक्रवारी दोन तास, पगारी.
आणि हाक मारली तर एक माणूस येईल,
तो कीबोर्डला हात लावणार नाही.
मालक म्हणाले, मग त्याला पगार कशाचा?

पहिल्या शुक्रवारी कुणीच आलं नाही.
दुसऱ्या शुक्रवारी कँटीनचा बाबालाल आला, भाकऱ्यांचा हिशेब घेऊन.
पुढं एकाचं सूत्र चुकलं
आणि चाळीस पंपांची घरं तडकून परत आली.
त्या रात्री मला सगळंच बंद करावंसं वाटलं.
सकाळी फक्त एक ओळ वाढवली :
ज्या आकड्यावर धातू ओततात
तो दोघांनी बघायचा.

काल पद्माक्कांची हाक आली.
एकशेबारावी ओळ तांबडी होईना.
मला चूक दिसत होती.
दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसलो,
वीस मिनिटं.
"कंस ऱ्हायला की ओ!"
मग त्यांनी कीबोर्ड उलटा करून झाडला.
टेबलावर पडलेली वाळू चिमटीत घेतली,
चोळली.
"कोरडी हाय," म्हणाल्या,
आणि लिहून ठेवलं.