जादा भार

मार्चची एकोणतीस तारीख.
उद्या मध्यरात्रीपासून सास्काचेवानचे रस्ते मऊ धरले जातात:
बर्फ वितळलं की डांबराखाली नुसता चिखल,
मग दीड महिना जड गाड्यांना बंदी.
म्हणून डेल्बर्ट वीब घाईत होता
आणि त्याच्या ट्रकमागे, बत्तीस चाकांवर,
एक घर.

हिरव्या पत्र्याचं, दुमजली.
खिडक्यांना प्लायवूड ठोकलेलं,
धुराडं उतरवून पोटाशी आडवं बांधलेलं.
पुढच्या दाराची पितळी कडी तेवढी उघडी,
भर रस्त्यात कुणी येऊन वाजवील म्हणून की काय.

घर पाहावं बांधून म्हणतात.
हलवून पाहणाऱ्यांची दरपत्रकं माझ्याकडे असतात.
बावीस वर्षं या वजनकाट्यावर आहे मी.
रुंदीचे इतके, उंचीचे इतके,
तारा उचलायला माणूस पाठवला तर दर तारेमागे इतके,
पुढची-मागची पिवळ्या दिव्यांची गाडी तुमची तुम्ही आणायची,
आणि भार आसागणिक, किलोमीटरगणिक.
पवनचक्कीची पाती गेलीत इथून, खाणीची यंत्रं,
एकदा अख्खं चर्च.
त्याची घंटा दुसऱ्या ट्रकमधून आली, तिची पावती वेगळी.
सगळं शेवटी एका आकड्यात बसतं.

हे बसेना.
मागचा डावा आस, परवान्यापेक्षा एकशे ऐंशी किलो वर.
आत काही नाही, डेल्बर्ट म्हणाला, चमचासुद्धा नाही.
तेव्हा मागच्या गाडीतून हाल्का प्रिस्ताय्को उतरली,
ऐंशीच्या पुढची, पायात नातवाचे बूट.
पियानो विकला, म्हणाली. पुस्तकं शाळेला दिली.
तळघर तर जमिनीतच राहिलं, ते कसं आणणार?
मग थोडं थांबून:
भिंतीत बघा. डावीकडे, मागच्या खोलीच्या.

शिडी लावून मी फळीला कान टेकला.
बाहेर उणे नऊ. कानाची पाळी चिकटेल इतकी फळी गार.
आणि आत, खूप आत,
दूरच्या ट्रान्सफॉर्मरसारखी एक गुणगुण.

अठ्ठ्याहत्तर सालापासून, ती खालून म्हणाली.
ओस्ताप दर उन्हाळ्यात म्हणायचा, यंदा पोळं काढतोच.
दर उन्हाळ्यात बादली घासून ठेवायचा.
आता तो नाही. त्या आहेत.

दरपत्रकात मधाला रकाना नाही.
जादा भाराला आहे: पैसे भरा, नाहीतर ओझं इथेच उतरवा.
डेल्बर्टनं घड्याळ पाहिलं.
भिंत फोडू? दहा मिनिटांचं काम.
ती काहीच बोलली नाही.
कडीवरचं बर्फ अंगठ्यानं पुसत राहिली,
कडी चकचकीत झाली तरी पुसत राहिली.

मी हिशेब मांडला. एकसष्ट किलोमीटर, एक आस, एकशे ऐंशी किलो:
चौतीस डॉलर वीस सेंट.
माफ करता आले असते का?
नाही. आणि मला करायचेही नव्हते;
फुकट सोडलेल्या गोष्टींची कुठे नोंद राहत नाही.
तिनं हातमोजा काढून नाणी मोजली, दोनदा,
मग माझ्या टेबलावर वाकून म्हणाली,
कशाचे घेतलेत ते लिहा.

मालाचं वर्णन या ओळीत मी लिहिलं:
घर, एक. वस्तीसह.
शिक्का मारला. तिनं घडी करून पावती छातीशी ठेवली.

पिवळे दिवे वळणाआड गेले तेव्हा उन्हं कलली होती,
कडेच्या चरातून पाणी वाजायला लागलं होतं.
पोचलं की नाही, मला कळलं नाही. कळवायची पद्धत नाही.

पत्रा झाडायला बाहेर आलो तर काट्यावर एक माशी,
पाय पोटाशी घेतलेली.
आकडा शून्यावर होता.
हा काटा वीस किलोच्या पटीत बोलतो;
त्याखालचं जे काही असेल,
ते फुकट जातं.