आतली खोली

आई हॉलमध्ये भांडी विकायची
आणि मी आतल्या खोलीत मुलं सांभाळायचे.
शनिवारी चार वाजता. कधी मुलुंड, कधी चेंबूर,
एकदा थेट दहिसर, चौथा मजला, लिफ्ट बंद,
सात भांड्यांचा सेट दोघींनी दोन पिशव्यांतून चढवलेला,
झाकणं माझ्याकडे, कारण झाकणं हलकी.

दार उघडणाऱ्या बाई आधी माझ्याकडे बघायच्या.
"ही कोण?"
"माझी अबोली. मुलांना घेऊन बसेल आत. तुम्ही निवांत बघा."
मी तेव्हा अकरा वर्षांची.

आत पलंगावर पर्सा, ओढण्या,
दोन उशांच्या मध्ये झोपवलेलं कुणाचं तरी बाळ,
आणि खाली फरशीवर सहा-सात मुलं
माझ्याकडे अशी बघणारी
जशी आम्ही शाळेत बदली बाईंकडे बघायचो.

माझ्याजवळ श्रीखंडाचा रिकामा डबा असे.
त्यात ओल्या फडक्यात कणकेचा गोळा,
मूठभर राजमा, चमचे, एक लिंबू.
कणीक पंधरा मिनिटं टिकते.
तिचा साप होतो, लाडू होतो, परत साप होतो,
मग ती कुणीतरी खातं.
मग राजमा, एकी की बेकी.
राजमा नाकात घालणारा एक प्रत्येक घरात असतो;
चेंबूरला त्याचं नाव निषाद होतं.
मग डोळे मिटून वास ओळखायचा,
दाराच्या फटीतून येईल तो.
कांदा. गाजर. आता फ्लॉवर.
यात मला कुणीच हरवू शकलं नाही,
मला क्रम पाठ होता.

खरं तर आईचा कार्यक्रम मी एकदाही पाहिलेला नाही.
ऐकलाय.
कढई उलटी करून टिचकी मारायची, तो टणत्कार.
"तेलाचा थेंब नाही, बघा" यावर एकीचं अय्या.
नवऱ्याच्या पोटावरचा विनोद,
जो मी आत ओठ हलवून तिच्याआधी संपवायचे.
गॅसवरचा केक.
मग किंमत.

किंमत सांगितल्यावर बाहेर पंखा ऐकू यायचा.
कुणाच्या तरी बांगड्या.
"ह्यांना विचारून कळवते हं."
तेवढा वेळ मुलांचा आवाज होऊन चालत नसे,
म्हणून लिंबू-चमचा मी तेव्हासाठी राखून ठेवायचे.
चालायचं नाही, नुसतं उभं राहायचं.
तोंडात चमचा असला की बोलता येत नाही,
ही युक्ती माझी स्वतःची.

दहिसरला एक पाच वर्षांची होती, शमिका.
तिने चमचा घेतलाच नाही.
ती दाराला कान लावून उभी होती.
मग आली, माझा डबा दोन्ही हातांवर धरून
माझ्यासमोर बसली
आणि म्हणाली,
"घ्या ना ताई. हप्त्याने द्या.
पहिला हप्ता पुढच्या महिन्यात दिलात तरी चालेल."

अगदी तोच आवाज.
वरून हसरा, आणि खालून
मला माहीत नसलेला.
बाकीच्यांचे चमचे हसून हसून गळून पडले.
मी इतकी वर्षं नेमक्या त्याच वेळी
लिंबू पडू नये म्हणून बघत होते.

"बोल ना," शमिका म्हणाली, "आता तू बोल."
मी म्हटलं, "घेतला."
"किती पैशांना?"
"सगळा."
ती खट्टू झाली. म्हणाली, "असं नसतं."

तेवढ्यात आई केकची ताटली घेऊन आत आली,
तुकडे मोजून मुलांना दिले,
माझा कागदात बांधला.
कुणी काही घेतलं का, हे मी विचारलं नाही,
पिशव्या होत्या तेवढ्याच जड होत्या.

बसस्टॉपवर तिने विचारलं,
"मुलांनी छळलं नाही ना? काय खेळलात?"
"लिंबू-चमचा."
"बरं," म्हणाली, आणि झाकणांची पिशवी
त्या दिवशी तीसुद्धा तिनेच धरली.

लिंबू परत आणलं होतं.
रात्री आमटीत पिळलं.