दार क्रमांक तीन

कायानीत फेब्रुवारी. बाहेर उणे सव्वीस.
बॅटरी गारठून मरू नये म्हणून
ड्रिल मी कोटाच्या आत, पोटाशी धरून आणलं.
सिनिक्कानं दारातच विचारलं, कितवा महिना?

बारा विसराळू म्हाताऱ्यांचं घर. दारं चार.
औषधांच्या खोलीला वेगळा नियम:
वीज गेली तरी कुलूप सोडायचं नाही.
बाकी तिघांना उलटा,
वीज गेली की धरलेलं सगळं सोडून द्यायचं.
चुंबक सहाशे किलोंची ओढ सोसतो,
पण ते सगळं बळ एका तारेकडून उसनं.

चौकटीत सेन्सर, फळीवर त्याचा जोडीदार,
मध्ये फट बोटभराहून जास्त नको,
नाहीतर बंद दारालाही यंत्रणा उघडं म्हणत राहते
आणि रात्रपाळीची बाई धावते
रिकाम्या बोळात, चपला हातात घेऊन.

मग लॅपटॉप गुडघ्यावर. रकाने.
कुलूप किती वेळ मोकळं: पाच सेकंद.
कारखान्यातून येतात तेच पाच.
थांब, सिनिक्का म्हणाली,
आधी लेम्पीला चालू दे.

लेम्पी एक्याण्णव वर्षांची. चाकांचा वॉकर.
मनगटाला पट्टा, अंगणात जायची मुभा दहा ते तीन.
तिनं रीडरला मनगट टेकवलं. टुक्. हिरवा दिवा.
पाच सेकंदांत ती दिव्याकडे बघून हसली, एवढंच.
सात: वॉकर वळला.
नऊ: पुढचं चाक उंबरपट्टीला अडलं.
तेरा.
मी तेरा लिहिलं, मग खोडून सोळा.
उद्या गुडघा दुखेल. परवा बूट नवे असतील.

आतून निघणाऱ्याला आपोआप दार सोडणारा डोळा
मी छतावरून काढून टाकला,
कारण तो कुणालाही सोडतो:
नर्सला, मांजराला,
संध्याकाळी चारला धारा काढायला निघालेल्या लेम्पीला.
गाई विकून सदतीस वर्षं झाली.
चार वाजायचे काही थांबले नाहीत.

शेवटी चाचणी. आगीची किल्ली फिरवली.
धुराची वर्दी आली की दारांनी विचारायचं नसतं
कोण, कुठे, किती वाजता.
तिन्ही चुंबकांनी एकदम हात सोडले.
खट्. खट्खट्.
तीन नंबरचं दार वाऱ्यानं ओढून नेलं,
थंडी जमिनीलगत सरपटत आत आली.
घड्याळात तीन पंचावन्न.
लेम्पी तिथेच उभी, अंगात कोट, उलटा.
सिनिक्का बोळाच्या दुसऱ्या टोकाला, दोन्ही हातांत ट्रे.
मी शिडीवर.
मला उतरायला सहा सेकंद,
तिला उंबरपट्टीपर्यंत नऊ, हे मीच मोजलेलं.
उतरलो नाही.
का, ते लिहायला अहवालात रकाना नाही.

तिनं बाहेर पाहिलं.
निळा पडत चाललेला बर्फ,
त्यात कुणाच्या तरी सायकलचं नुसतं हँडल.
मग वॉकर सोडून तिनं मूठ धरली
आणि दार अंगाच्या भारानं आत ओढून घेतलं.
गोठ्याचं दार असं टाकतात का रे,
ती मला म्हणाली, वासरं गारठतील.
कडी शोधली. कडी नव्हती, सपाट पोलाद.
तेव्हा मूठ दोन्ही हातांनी घट्ट धरून
ती उभी राहिली,
सहाशे किलोंच्या जागी.

मी किल्ली उलटी फिरवली.
चुंबकानं दार तिच्याकडून घेतलं.
तिला त्याचा भरवसा नव्हता, आणखी थोडं धरून राहिली.

नोंदवहीत त्या दिवशीची ओळ आहे:
१५:५६:४१. दार ३. बंद. कार्ड नाही.
पुढे, 'कोणी' या रकान्यात,
यंत्रणा आपणहून लिहिते: अज्ञात.
तेवढं मी हातानं बदललं.
तशी परवानगी नसते.