मुक्कामाला मनाई

विनी राउटलेजच्या गाईचे दिवस भरले होते.
रात्री दोनला फोन. लाँगटाऊनहून निघाले,
मागच्या सीटवर दोऱ्या, साबण, खांद्यापर्यंतचे मोजे,
पुलाखाली एस्क, दिसत नव्हती, नुसती बोलत होती.

या पट्ट्याला कधीकाळी धनी नव्हता.
पूर्वेला लिडल आणि एस्क, पश्चिमेला सार्क,
खाली खाडीची वाळू, वर टॅरसकडची दलदल.
चतुःसीमा एवढीच. सातबारा कोरा.
दोन राजांचं एकाच गोष्टीवर एकमत:
ऊन आहे तोवर गुरं चारा,
दिवस बुडाला की हाका घरी.
चूल मांडाल, कूड घालाल, तर पेटवून देऊ.
(आपल्याकडे याला गायरान म्हणतात,
आणि पहिली झोपडी कुणाच्या भाच्याची पडते
तेही मला ठाऊक आहे.)

मग पंधराशे बावन्नात चर खणला.
एक टोळी सार्ककडून, एक एस्ककडून.
मधे आल्यावर, म्हणतात, एकमेकांना चुकल्या,
सात-आठ पावलांनी.
बाबा जन्मभर मोजणी खात्यात:
साखळी, झेंड्या, आणि दोन भावांच्या मधे उभं राहणं.
त्यांना फोनवर सांगितलं तर ठसका लागेस्तोवर हसले.
मग गप्प. मग म्हणाले,
"त्या सात पावलांचा सारा कोण भरतं गं?"

गाय तिथेच बसली होती.
ओल्या नेच्यात, दोन्ही बांधांना पाठ करून.
विनीने बॅटरी धरली. बहात्तरीची बाई,
शिव्या मात्र दोन्ही देशांच्या.
मी खांद्यापर्यंत आत. एक पाय मुडपलेला,
तो सरळ करायला पाऊण तास,
आणि माझ्या तोंडून निघत होतं ते सगळं मराठी:
ये बाई, ये, सरक, हां, अजून थोडं.

कालवड. काळी, वाफाळलेली, रागावलेली.

"जन्म कुठला लावणार?" मी विचारलं.
"इकडचा लावला तर कागद एका कचेरीत,
तिकडचा लावला तर दुसऱ्या."
विनी मूठभर गवताने तिचं नाक पुसत राहिली.
"माझे पूर्वज चोर होते," एवढंच म्हणाली, "रात्रीचे."

उजाडायला अजून तास होता.
जुन्या कायद्याने आम्ही चौघींनी इथे असायला नको होतं.
कालवड उठली, स्कॉटलंडात पडली.
पुन्हा उठली.
मी थर्मास उघडला.