उजवी बाजू

दिवसा मी गुलटेकडीला एका अडत्याच्या पेढीवर
खातेवह्या लिहितो.
रात्री सात ते साडेनऊ नाना पेठेत
रात्रशाळेच्या बारावीला अर्थशास्त्र शिकवतो.
आवाज दोन्हीकडे चढवावा लागतो.

धडा तिसरा. मनुष्यबळ.
'शिक्षण आणि आरोग्य यांवर खर्च झाला
की लोकसंख्या ओझे राहत नाही, मत्ता होते.'
हात सवयीनं फळ्याच्या मधोमध रेघ ओढतो :
डावीकडे देणी, उजवीकडे मत्ता.

मागच्या बाकावरून भागवत उबाळे विचारतो,
"सर, मत्ता म्हणजे कुणाची?"

भागवत आमच्याच गाळ्यावर कांद्याच्या गोण्या वाहतो.
मानेखाली गोणीनं घासून घासून
तांब्याच्या रंगाची एक चकती पडलीय.
माझ्या वहीत तो रोज असतो,
'हमाली' या सदरात, खर्चाच्या बाजूला.
नाव लिहायला तिथं रकाना नाही.

मी म्हणालो, देशाची.
तो म्हणाला, बरं.
काट्यावर दोन किलो कमी भरल्यावर
माणूस म्हणतो, तसं बरं.

जूनमध्ये तो खोकायला लागला.
तासाच्या मधे उठून जिन्यात जायचा,
परत येताना तोंडावर रुमाल.
मी 'मागणी' शिकवत राहिलो.
शेवंताबाई गायसमुद्रेंनी मात्र पेन खाली ठेवलं.
वय एकेचाळीस, पालिकेच्या दवाखान्यात झाडू,
इंग्रजीत दोनदा नापास.
"उद्या सकाळी सातला यायचं. उपाशी नाही आलास तरी चालेल,
पण ये."

दवाखान्याच्या काट्यावर त्याचं वजन त्रेचाळीस.
गोणी पन्नासची.

मी शेटना म्हणालो, पोराला दोन महिने हलकं काम द्या.
शेट सुपारी कातरत म्हणाले,
"त्याच्या जागी दुसरा येईल की. माणसांना काय तोटा?"
मी मान हलवली.
हो म्हणून की नाही म्हणून,
ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

सहा महिने.
रोज हजेरीच्या आधी शेवंताबाई मागे वळायच्या,
हात पुढे करायच्या.
तो गोळ्यांचं रिकामं पाकीट त्यांच्या तळहातावर ठेवायचा.
गृहपाठ तपासावा तसं त्या ते
उजेडाकडे धरून बघायच्या.
एकदा एक गोळी शिल्लक निघाली.
अख्ख्या वर्गासमोर पाणी आणून गिळायला लावली,
मग मला म्हणाल्या, "हं, चालू करा सर."

तो दिवसा एका झेरॉक्सच्या दुकानात बसायचा.
कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर
ताळेबंद सोडवायचा.
त्याच्या बेरजा चुकायच्या. वजाबाक्या कधीच नाही.

जानेवारीत परत गाळ्यावर आला. चोपन्न किलो.
पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी,
गादीसमोर उभा राहिला.
विद्यार्थी म्हणून नाही.
वही उलटी होती त्याच्याकडून,
तरी बोट बरोबर ओळीवर ठेवलं :
"इथं चौदा गोण्या राहिल्यात. मंगळवारच्या.
आमच्या टोळीच्या."

अक्षर माझं होतं.

शेट बघत होते. मी चष्मा पुसला,
मंगळवार दोनदा मोजला,
आणि लाल शाईनं चौदा गोण्या पुढे ओढल्या.
पहिल्यांदाच समासात नाव लिहिलं :
भा. उबाळे यांनी दाखवल्यावरून.

संध्याकाळी वर्गात तो काहीच बोलला नाही.
सराव परीक्षेत प्रश्न होता :
लोकसंख्या मत्ता केव्हा होते? दोन गुण.
त्यानं पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं लिहिलं,
स्वल्पविरामासकट.
मी दोन गुण दिले.
आणखी द्यायला जागा नव्हती.

तास संपला की फळा शेवंताबाई पुसतात,
कुणी सांगितलेलं नाही.
त्या रात्री रेघेपाशी त्यांचा हात जरा थांबला असं मला वाटलं.
पण त्यांनी तीही पुसली.
कोंढव्याची बस दहाला होती.