ठेवू की मोडू

दिवसभर मी जळगावच्या सराफ गल्लीत
दुसऱ्यांचं सोनं तपासते.
बांगडी ठेवायची, झाकण लावायचं, चाळीस सेकंद.
पडद्यावर आकडा उमटतो
आणि गिऱ्हाइकाचा चेहरा त्या भावाचा होतो.

म्हणूनच त्या तिघांनी ठरवलं :
घ्यायचा की नाही, ते कसोटीबाईने सांगायचं.
भुसावळच्या फेगडेचं सोडा,
त्याने ट्रेलर बघूनच पैसे भरले;
तो धूरसुद्धा आगाऊ बुक करील.
उधन्याहून लोटन म्हणतो,
कंपनी चोर शे, पन बंदूक भारी शे.
नवापूरची वनिता वळवी ड्युटीवरून एवढंच लिहिते :
तू घेशील तर मी.

नवा खेळ. चौघांची तुकडी, पडकं बंदर, बर्फ.
दोन हजार नऊशे नव्याण्णव.
सवलत संपायला तीन तास अकरा मिनिटं.

कंपनी तीच,
जिने मागच्या फाल्गुनात आमचं शहर बंद केलं.
दोन ओळींचं पत्र, खाली कुणाची सही नाही.
शेवटच्या रात्री आम्ही पाण्याच्या टाकीवर चढून बसलो,
बंदुका खाली ठेवून.
शत्रूकडचे तिघेही वर आले.
कुणी कुणाला मारलं नाही.
लोटनने आठशे रुपयांचा लाल कोट घातला होता.
बाराला आधी आवाज गेले, मग आभाळ,
मग कोट.
कुणी मोडकी नथ आणली तरी मी तिचं मोल सांगते.
त्या कोटाची घट किती धरायची?

आता करार, चौसष्ट पानांचा.
वाचला मी. वाचणारी बहुधा एकटीच.
पान एकतीस : लबाडी पकडण्यासाठी
तुमच्या संगणकाच्या गाभ्यात आमचा पहारेकरी बसेल,
खेळ बंद असला तरी.
म्हणजे देवघरात हवालदार.
लबाड कोण, तेही तोच ठरवणार.

विसपुतेकाका, ज्यांच्या नजरेला गल्लीत अजून
मशीनपेक्षा मान आहे,
त्यांना डबा खाताना मी नुसतं ‘एक माल आहे’ म्हटलं.
म्हणाले, माणूस खोटा म्हणून सोनं खोटं धरू नको.
दोघांना वेगवेगळं घास.
आणि शेवभाजीचा रस्सा लागलेलं बोट
डब्याच्या झाकणावर ओढलं,
दगडावर ओढावं तसं.

बरोबर आहे, काका.
पण खोटा माणूस विकून निघून जातो, सोनं माझ्याजवळ राहतं.
इथे माल त्याच्याच तिजोरीत.
मी भरायचं ते किल्लीचं भाडं,
कुलूप तो कधीही बदलणार.

रात्री गच्चीवर गादी. एप्रिल. कठडा अजून तापलेला.
मला बंदूक नकोच आहे खरं तर.
मला लोटनचं ‘मांगे दख, मांगे दख!’ हवं आहे,
वनिताच्या खोलीतल्या पंख्याची खडखड,
फेगडेच्या क्वार्टरमागून येणारी इंजिनाची शिट्टी,
जिच्यामुळे आम्ही दोनदा हरलो.
हे काही कुठल्या कंपनीने बनवलं नाही.
फोन करता आला असता.
केलाही होता, धुळवडीला.
बरं आहे ना, बरं आहे, जेवलीस का,
आणि मग चौघेही गप्प.
समोर कुणी मारायला नसलं
की आम्हाला बोलता येत नाही.

एकोणीस मिनिटं उरली तेव्हा पैसे भरले.
गटावर लिहिलं : चौदा कॅरेट. कोट कुणी घ्यायचा नाही.
एकशे अठरा जीबी.
दीडला लाइट गेली, बेचाळीस टक्क्यांवर.

सकाळी पहिलं गिऱ्हाईक पाचोऱ्याची बाई,
रुमालात पोत.
झाकण. चाळीस सेकंद.
मावशी, पितळ नाही.
पण सांगितलं होतं तेवढंही नाही.
तिने पोत तळहातावर तोलली,
मशीनवर विश्वास नसल्यासारखी, पुन्हा एकदा.
‘मग ठेवू की मोडू?’

ते यात येत नाही, मी म्हणाले,
आणि पावतीवर वजन लिहिलं.