कोरे गोल

दवाखान्याची बोट महिन्यातून एकदा लागते या बेटाला.
धक्का नाही. ओहोटी असली की
गमबूट चिखलात रुतवत यायचं, मूल खांद्यावर.

एदुलिया तशीच आली.
खांद्यावर नेल्तोन, सात वर्षांचा,
ओठ गच्च मिटलेला.
"ब्रश लावतच नाही हो मी त्याला.
रक्त थांबत नाही मग.
बोटाला फडकं गुंडाळून पुसते नुसतं,
तेही रविवारी."

मी आरसा आत घातला.
दातांच्या मुळाशी पिवळं कीटण,
हिरड्या जांभळ्या, तट्ट.
भीतीनं जे राखलं होतं
ते भीतीनंच नासलेलं.

रक्त येतं म्हणून ब्रश नाही,
ब्रश नाही म्हणून कीटण,
कीटण आहे म्हणून रक्त.
मी सांगत होते आणि तिचं बोट
जाळ्याची गाठ घालावी तसं हवेत फिरत होतं.

मग कागदावर घराणं काढलं.
भाऊ रोसामेल: अक्कलदाढ घरीच उपटली, पक्कडीनं.
तिसऱ्या रात्रीपर्यंत आई उशा बदलत होती.
आईचा भाऊ: समुद्रानं नेला म्हणतात,
पण त्या दिवशी होडी किनाऱ्यावरच होती.
पुरुषाला चौकोन, बाईला गोल.
चौकोन काळे केले.
गोल कोरेच.

"आणि तुमच्या हिरड्या?" सहज विचारलं.
हसली. "त्या कायमच्याच रडक्या.
सकाळची थुंकी गुलाबी, लग्नाआधीपासून.
आधीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पायरिया."
याच्या बाळंतपणात किती चादरी गेल्या,
सुईण अजून सांगते, म्हणाली. जरा कौतुकानंच.

आडात असतं तेच पोहऱ्यात येतं,
सगळ्यांना पाठ.
आडात वाकून कुणी पाहिलं नव्हतं.

तिच्या गोलाच्या मधोमध मी ठिपका दिला.

मऊ ब्रश दिले, एक त्याला, एक तिला.
दोघांच्या रक्ताच्या नळ्या बर्फात, कास्त्रोला.
"थोडं येईल पहिले काही दिवस. घाबरून सोडू नका.
थांबलंच नाही तर रेडिओवर हाक मारा."

शिडीवर ती वळली.
"हे माझ्याकडून गेलं ना त्याला?"
"पायरिया तुमचा स्वतःचा आहे," मी म्हटलं,
"तो तरी जाईल."
हे उत्तर नव्हतं. तिलाही कळलं.

खाली होडीत तिची थोरली, इत्सिया,
वल्हं मांडीवर घेऊन सफरचंद खात होती.
मी वाकून पाहिलं
पांढऱ्या गरावर, दात उमटले होते तिथं.
संध्याकाळचा उजेड होता, नीट दिसेना.

"थांब गं," मी ओरडले,
आणि तिसरा ब्रश शोधायला आत गेले.